उन्हाच्या दिवशीचा शिळा भाव

लालासाहेब बर्गे सैन्याच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन दलातून, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि कोरेगावला परत येऊन आल्याची शेती करू लागले. शेतीत त्यांचं मन रमायचं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं मन घरी पुढच्या सोप्यात, खिडकीजवळच्या टेबलावर असायचं. तिथं त्यांच्या मुलाचा जुना लॅपटॉप होता. मुलगा शिवतेज हाही सैन्यात, सध्या अरुणाचलात. जाताना तो म्हणाला होता, "आबा, हा आता भंगारात द्या." लालासाहेबांनी दिला नाही. विंडोज त्यावर फार रखडत चालायचं, म्हणून सुनेनं ते काढून लिनक्स टाकून दिलं, आणि त्यावर व्हिडिओ बघत बघत लालासाहेब प्रोग्रॅम लिहायला शिकले.

त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम शेअर बाजारातल्या चार कंपन्यांवर नजर ठेवायचा. एखाद्या शेअरचा भाव दिवसाच्या सरासरीपेक्षा बराच खाली गेला की तो एक शेअर घ्यायचा, आणि वर गेला की विकायचा. एका वेळी एकच शेअर, त्यापुढे नाही. कमाई हा त्यामागचा हेतू नव्हताच. आपण कोरेगावात बसून लिहिलेली ओळ मुंबईच्या बाजारात जाते, काम करते आणि निरोप घेऊन परत येते, याचंच त्यांना नवल वाटायचं.

सुनेचं नाव प्रियदर्शनी. माहेर आष्ट्याचं. लग्नाआधी ती सांगलीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची, आता तेच काम ती कोरेगावच्या घरातून, आतल्या खोलीत दार लोटून करत होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासूशी, बनुबाईंशी, तिचं स्वयंपाकघरात बोलणं व्हायचं. सासऱ्यांशी मात्र चहा झाला का, शिवतेजचा फोन आला का, एवढंच. ती आतून आली की लालासाहेब वर्तमानपत्र उचलायचे आणि ते समोरून आले की ती खांद्यावरची ओढणी नीट करायची. दोघांमध्ये वाकडं काहीच नव्हतं. कुठून सुरुवात करावी हे दोघांनाही कळत नव्हतं, इतकंच.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी लालासाहेब तिच्या दाराशी येऊन खाकरले.

"जरा बघशील का? बाजार माझ्याशी बोलंना झालाय. लय वेळा विचारताय म्हणतोय."

प्रियदर्शनीनं बाहेर येऊन पाहिलं. प्रोग्रॅम दर सेकंदाला चारही कंपन्यांचा भाव विचारत होता, आणि ज्या दलालामार्फत विचारत होता त्याच्या सर्व्हरनं कंटाळून उत्तर देणं बंद केलं होतं.

"मामा, दर वेळी विचारायचंच कशाला? एकदा विचारलेला भाव थोडा वेळ जवळ ठेवा. कोणी मागितला तर जवळचाच द्या. जुना झाला की टाकून द्या आणि मग नवा आणा. याला कॅश म्हणतात."

"कॅश म्हंजे रोख?"

"नाही, ती वेगळी. ही साठवणीची. तुम्हाला लिहायचीही गरज नाही, तयार लायब्ररी मिळते. दुसऱ्या कोणीतरी नीट लिहून ठेवलेलं काम, आपण फक्त जोडायचं."

तिनं ती लायब्ररी जोडून दिली आणि भावाचं आयुष्य दोन मिनिटांचं ठरवलं. दोन मिनिटांत लालासाहेबांच्या हिशेबानं काही बिघडत नव्हतं, त्यांचा प्रोग्रॅम तसा सावकाश चालीचा होता. सर्व्हर पुन्हा बोलू लागला. लालासाहेब खूश झाले आणि दोघं परत आपापल्या जागी गेले.

पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा दाराशी उभे राहिले. या वेळी खाकरायचं विसरले होते.

"एक विचित्र गोष्ट झालीया," ते म्हणाले. "मी दुपारी रानात गेलो हुतो. येऊन बघतो तर ह्यानं शेअर घेतलाय. म्हणतोय, भाव पडला. आन मोबाइलवर बघतो तर भाव पडलाच न्हाई. उलट दुपारपासून वरच चाललाय."

"दलालाकडून चुकीचा भाव आला असेल एखादा."

"एकदा आसता तर मीबी तसंच म्हणलो असतो. ही तिसरी खेप हाय."

प्रियदर्शनीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. पडद्यावर काही खरेदी-विक्री झाली तरच ओळ उमटायची, बाकी सगळं कोरं. त्या ओळीतला भाव तिनं बाजाराच्या आलेखाशी ताडून पाहिला. भाव खोटा नव्हता. त्या दिवशी खरोखरच तो भाव होता, पण खरेदीच्या तासभर आधी. प्रोग्रॅमनं शिळा भाव ताजा समजून घेतला होता.

"पण असं होणारच नाही," ती म्हणाली. "दोन मिनिटांपेक्षा जुनं लायब्ररी ठेवतच नाही."

लालासाहेब खुर्ची ओढून बसले. गेल्या दीड वर्षात ते पहिल्यांदाच तिच्या समोर असे बसले होते. "आमच्याकडं लाईनवर कायमचा फॉल्ट आसला की आमी म्हणायचो, बरं झालं. तार तुटली आसंल, जाऊन जोडायची. पण येऊन-जाऊन असणारा फॉल्ट आला की जेवण गोड लागायचं न्हाई. हा तसला हाय."

सांगलीच्या कंपनीत असल्या चुका आल्या की प्रियदर्शनी आणि शेजारच्या टेबलावरची सोनम दोघी चहा विसरून त्यामागं लागायच्या. घरून काम सुरू झाल्यापासून चुका नुसत्या नोंदवून पुढं पाठवायच्या एवढंच उरलं होतं. कोणाशी तरी बसून डोकं लावण्यातली मजा ती विसरूनच गेली होती. तिनंही खुर्ची ओढली.

पहिल्यांदा तिनं स्वतःचीच जोडणी तपासली. ठीक होती. मग लायब्ररीची नवी आवृत्ती घातली. दोन दिवस काही झालं नाही, तिसऱ्या दिवशी परत शिळा भाव. मग लालासाहेबांनी ठरवलं की रानात जायचंच नाही, समोर बसून राहायचं. गडी आकाराम याला आल्याच्या पाण्याचं सांगून ते बाजार उघडल्यापासून बंद होईपर्यंत लॅपटॉपसमोर बसले. आठवडाभर बसले. प्रोग्रॅम शहाण्यासारखा वागला.

"माझ्यासमोर करत न्हाई," ते संध्याकाळी म्हणाले. "माझी पाठ फिरली की करतंय. जणू त्येला कळतंय."

"त्याला काही कळत नाही, मामा. तुम्ही समोर असताना काहीतरी वेगळं होतंय. ते काय, हे शोधायचं."

लालासाहेबांनीच एक धागा काढला. चूक झाली ते दिवस त्यांना हवामानावरून आठवत होते, कारण आल्याच्या पिकाला ढगाळ हवा आली की ते फवारणीच्या काळजीत असायचे. "ढग होतं त्या दिवशी एकदाबी झालं न्हाई," ते म्हणाले. "जवा झालं तवा ऊन हुतं. चांगलं कडक."

खिडकीतून दुपारी ऊन थेट सोप्यात यायचं. टेबलाच्या पायापाशी सुरू होऊन ते दिवाणापर्यंत पसरायचं. लॅपटॉप जुना, तापणारच. प्रियदर्शनीला हे पटलं नाही, कारण तापलेलं यंत्र मंद होतं, तासाभरानं मागं जात नाही. पण पटलं नाही म्हणून करून बघायचं नाही असं थोडंच असतं. त्यांनी लॅपटॉप उचलून माजघरातल्या गार फडताळात ठेवला. लालासाहेब पुन्हा रानात जाऊ लागले. बाहेर ऊन होतं आणि चूक एकदाही झाली नाही.

"बघ," लालासाहेब म्हणाले. "उष्णता."

"थांबा. आता परत सोप्यात ठेवू, पण शेजारी पंखा लावून. उष्णता असेल तर पंख्यानं चूक जायला हवी."

त्यांनी तसं केलं. टेबलावर छोटा पंखा गरगरत राहिला, लॅपटॉप हाताला गार लागत होता, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी प्रोग्रॅमनं तासाभरापूर्वीच्या भावावर शेअर घेतला. लालासाहेब रानातून आले, ओळ वाचली आणि हसायला लागले. नाराज व्हावं अशी ती गोष्ट होती, पण त्यांना हसू येत होतं.

"उष्णता न्हाई, पण ऊन हाय," ते म्हणाले. "आन माजघरात न्हाई, सोप्यातच. आता ह्याचा अर्थ काय लावायचा?"

अर्थ दोन दिवसांनी लागला, तोही निम्माच. प्रियदर्शनीच्या कंपनीतली दुपारची बैठक अचानक रद्द झाली. एरवी त्या वेळी ती कानात हेडफोन घालून आत बसलेली असायची. ती पाणी प्यायला म्हणून बाहेर आली आणि सोप्याच्या उंबऱ्यावरच थांबली.

बनुबाई दिवाणावर उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. लुगडं गुडघ्याच्या वर घेतलेलं, बाजूला कोमट तेलाची वाटी, आणि दोन्ही हातांनी त्या गुडघे चोळत होत्या. सुनेला पाहताच त्यांनी लुगडं खाली ओढलं. टेबलावर पंखा फिरत होता. लॅपटॉप मिटलेला होता.

"आत्या, हा कोणी बंद केला?"

"बंद कुठं केलाय? झाकलाय नुसता." बनुबाईंना ओशाळल्यासारखं झालं होतं. "त्येला डोळा हाय न्हवं? शिवतेज त्यातनंच दिसतो, आन मीबी त्येला दिसते. मग मी हितं पाय उघडं टाकून बसल्यावर पलीकडनं कोण बघत आसंल, कुणाला ठावं. म्हणून झाकते. झालं की परत हाय तसं उघडून ठेवते. काय बिघडलं का?"

"नाही, काही बिघडलं नाही. रोज झाकता?"

"ऊन आसलं की. ढग आसल्यावर कशाला बसू? आन ह्ये घरात आसलं की न्हाई बसत मी."

प्रियदर्शनी दिवाणाच्या कडेला टेकली. ऊन, सोपा, मामांची पाठ, सगळं एका दमात जागेवर आलं होतं. तरी तिनं आधी विचारलं ते दुसरंच. "आत्या, गुडघे कधीपासून दुखतायत?"

"दुखत्यात कुठं? कडक आल्यात जरा. चुलीपाशी बसून उठलं की धरत्यात."

"मामांना सांगितलं नाही?"

"त्येंनी विचारलं न्हाई," बनुबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, कोणी विचारल्यावर वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं. मग वाटी उचलून त्या भिंतीचा आधार घेत उठल्या, आणि उठताना त्यांनी ओठ दाबून धरले ते सुनेनं पाहिलं.

लालासाहेब रानातून आले तेव्हा प्रियदर्शनीनं त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, गुडघ्यांची आधी. ते चप्पल काढता काढता थांबले. "मला वाटायचं, जिना चढत न्हाई म्हंजे कंटाळा करती," ते म्हणाले आणि आत गेले. आत काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. बनुबाईंचा आवाज एकदा चढला, "आवं, एवढं काय त्यात," आणि मग शांत झालं. थोड्या वेळानं ते बाहेर आले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि टेबलापाशी बसले.

"सोमवारी साताऱ्याला हाडाच्या डॉक्टरकडं जायचं. तूबी चल," ते म्हणाले. "आता ह्येचं सांग. झाकलं की हा झोपतो, ह्ये कळलं. पण उठल्यावर ह्येनं घड्याळ बघायला नको का? तास गेलाय, दोन मिनिटाचा भाव शिळा झाला, एवढं कळायला काय आडचण?"

"मलाही तेच कळत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ तर उठल्या उठल्या बरोबर वेळ दाखवतं."

"मग लायब्ररी दुसरंच घड्याळ बघत आसंल."

मग तिनं लायब्ररीची माहिती उघडली आणि खालपर्यंत वाचत गेली. खरोखरच तसं होतं. यंत्रात दोन घड्याळं होती. एक आपण बघतो ते, तारीख-वार दाखवणारं. दुसरं पोटातलं, ते फक्त किती वेळ सरला एवढंच मोजायचं. लायब्ररी भावाचं वय या दुसऱ्या घड्याळावर मोजत होती.

"करून बघू," लालासाहेब म्हणाले.

तिनं चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दोन्ही घड्याळांचे आकडे शेजारी शेजारी दाखवायचा. दोन्ही आकडे सेकंदासेकंदाला जोडीनं पुढं जाताना दिसले. मग लालासाहेबांनी लॅपटॉप हळूच मिटला. वाट बघायची होती म्हणून बनुबाईंनी चहा टाकला आणि त्याही कप घेऊन तिथंच बसल्या, नेमकं काय चाललंय ते बघायला. तिघांचा चहा झाला. शेजारच्या घरातला कुकर शिट्ट्या देऊन थांबला. लालासाहेबांनी झाकण उघडलं.

पडद्यावरचं पहिलं घड्याळ चहाएवढं पुढं गेलं होतं. दुसरं जिथं होतं तिथंच होतं. ते एका सेकंदानं पुढं सरकलं, मग दुसऱ्या, जणू मधे काही झालंच नव्हतं.

"ह्ये झोपलं हुतं," बनुबाई म्हणाल्या.

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "यंत्राबरोबर ह्येबी झोपलं." त्यांनी झाकण पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा तसंच झालं. लहान पोरानं शिट्टी पुन्हा पुन्हा वाजवून बघावी तसं त्यांचं चाललं होतं.

बाकीचं आता सरळ होतं. बनुबाई लॅपटॉप झाकायच्या तेव्हा जवळ ठेवलेला भाव अर्ध्या मिनिटाचा असायचा. तासाभरानं त्या उघडायच्या तेव्हाही तो, पोटातल्या घड्याळाच्या हिशेबानं, अर्ध्या मिनिटाचाच असायचा. दिवसाची सरासरी मात्र साठवलेली नव्हती, ती बाजाराकडून ताजी यायची, आणि एव्हाना वर गेलेली असायची. नव्या सरासरीशेजारी जुना भाव ठेवला की तो पडल्यासारखा दिसायचा. प्रोग्रॅम आपला नियम पाळून इमानदारीत खरेदी करायचा.

"पण असलं झोपणारं घड्याळ लायब्ररीवाल्यानं घेतलंच कशाला?" लालासाहेबांनी विचारलं. "माणूस येडा तर नसणार."

प्रियदर्शनीनं तेही वाचून काढलं होतं. "तारखेचं घड्याळ कोणीही मागं-पुढं करू शकतं. इंटरनेटवरून ते आपोआपही जुळवलं जातं. ते मधेच मागं गेलं तर साठवलेलं कधी शिळंच होणार नाही. पोटातलं घड्याळ मागं कधी जात नाही. म्हणून ते घेतलं. जी यंत्रं चोवीस तास चालू असतात तिथं ते बरोबरच आहे. आपल्यासारखं कोणी दुपारी झाकून ठेवेल असं त्याच्या मनात आलं नसेल. पण त्यानं सोय ठेवली आहे. हवं ते घड्याळ आपण देऊ शकतो."

"मग त्येची चूक न्हाई."

"चूक माझीच म्हणायची. जोडताना मी हे पान वाचलं नव्हतं."

"मग मीबी विचारलं न्हाई की, कुठलं घड्याळ," लालासाहेब म्हणाले. "चल, दुरुस्त करू."

एक ओळ बदलली आणि लायब्ररी तारखेच्या घड्याळावर चालू लागली. पण लालासाहेबांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. नजर ठेवायला साठवलेला भाव चालेल, पण प्रत्यक्ष शेअर घ्यायच्या क्षणी जवळचा भाव बाजूला सारून बाजाराला नव्यानं विचारायचं, असं त्यांनी स्वतः लिहून टाकलं. प्रियदर्शनीनं ते तपासलं. एका जागी कंस राहिला होता, तो त्यांनी शोधून काढेपर्यंत ती मुद्दाम गप्प बसली.

कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावावी असं तिनं सुचवलं, पण बनुबाईंचा चिकटपट्टीवर विश्वास नव्हता. "निघाली तर?" त्या म्हणाल्या. मग झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही अशी व्यवस्था प्रियदर्शनीनं केली आणि बनुबाईंना सांगितलं, हवं तेव्हा झाका. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. त्यांनी झाकलं, तेल लावलं, उघडलं. प्रोग्रॅमनं काही घेतलं नाही, काही विकलं नाही. लालासाहेबांनी रानातून फोन करून विचारलं, "काय केलं त्यानं?" आणि काहीच केलं नाही हे ऐकून ते समाधानानं "बरं" म्हणाले.

सोमवारी तिघं गाडीनं साताऱ्याला गेले. डॉक्टरनं फोटो काढले, गुडघ्यातली गादी झिजलीय म्हणाला, काही व्यायाम करून दाखवले आणि चूल सोडून ओट्यावर उभं राहून स्वयंपाक करा, असं सांगितलं. तेलाचं बनुबाईंनी भीत भीत विचारलं. लावा, त्यानं नुकसान नाही, तो म्हणाला. बाहेर आल्यावर बनुबाई म्हणाल्या, "चूल सोडा म्हणतोय. भाकरी त्यो करणार हाय का?" पण परतीच्या वाटेवर त्याच ओट्याची उंची किती ठेवायची यावर बोलू लागल्या.

माहुलीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. खाली कृष्णेचं पाणी संथ दिसत होतं. लालासाहेबांनी इंजिन बंद केलं आणि आरशातून मागं बसलेल्या प्रियदर्शनीकडं पाहिलं.

"एक विचारू का? आपण आता बाजाराला नव्यानं विचारतो. पण आपण विचारतो ते दलालाच्या सर्व्हरला. त्यानंबी कुठंतरी साठवून ठेवलेलाच भाव आपल्याला दिला तर?"

"देत असेलही. मधे आणखी एक-दोन ठिकाणी साठवत असतील."

"आन त्येंचं घड्याळ कुठलं?"

प्रियदर्शनी विचार करू लागली. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचं बरं वाटत होतं.

"आवं, पुढची गाडी हलली," बनुबाई म्हणाल्या.

लालासाहेबांनी गाडी सुरू केली. "घरी गेल्यावर बघू," ते म्हणाले. "तुझी बैठक कितीला संपती?"

"चारला."

"बाजार साडेतीनला मिटतो. मग निवांत बसू."